एचटीटीपी मूलभूत प्रमाणीकरण

एचटीटीपी मूलभूत प्रमाणीकरण किंवा बेसिक ऑथेंटिकेशन ही संकेतस्थळाच्या एखाद्या भागात प्रवेश देण्यापूर्वी वापरकर्त्याचे नाव व परवलीचा शब्द तपासण्याची सर्वांत साधी प्रमाणित पद्धत होय. ती एचटीटीपी या नियमावलीचाच भाग असल्याने तिच्यासाठी स्वतंत्र प्रवेशपृष्ठ किंवा कुकी लागत नाही. ब्राउझर स्वतःच एक चौकट दाखवून माहिती मागतो. पद्धत सोपी असली तरी सर्व्हरच्या मांडणीतील लहानशा चुकीमुळे योग्य व्यक्तीला प्रवेश नाकारला जाऊ शकतो किंवा, त्याहून गंभीर म्हणजे, खासगी मजकूर सर्वांना खुला राहू शकतो.

इतिहास

ही पद्धत मे १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आरएफसी १९४५ या दस्तऐवजात एचटीटीपी १.० सोबत वर्णिली गेली. त्यातील उदाहरणात वापरकर्त्याचे नाव अलादिन असून त्याचा परवलीचा शब्द ‘तिळा उघड’ या अर्थाचा आहे. हा मंत्र मात्र मुळात अलीबाबाच्या गोष्टीतला आहे. जून १९९९ मधील आरएफसी २६१७ ने या पद्धतीची आणि डायजेस्ट प्रमाणीकरणाची एकत्र मांडणी केली. सध्याचे प्रमाण आरएफसी ७६१७ हे असून ते सप्टेंबर २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले.

कार्यपद्धती

ब्राउझरने संरक्षित पृष्ठ मागितल्यावर सर्व्हर ४०१ हा स्थितिसंकेत पाठवतो. त्यासोबतच्या शीर्षओळीत प्रमाणीकरणाची पद्धत आणि संरक्षित विभागाचे नाव असते. मग ब्राउझर वापरकर्त्याचे नाव व परवलीचा शब्द मध्ये अपूर्णविराम घालून जोडतो, ही जोडी बेस६४ या रूपात बदलतो आणि तीच मागणी पुन्हा पाठवतो. अपूर्णविराम हा विभाजक असल्याने वापरकर्त्याच्या नावात तो चालत नाही. परवलीच्या शब्दात चालतो.

४०१ व ४०३ या संकेतांमधील भेद निदानासाठी महत्त्वाचा आहे. ४०१ म्हणजे ओळख पटलेली नाही. ४०३ म्हणजे मागणी समजली, परंतु परवानगी नाही. पहिल्या प्रसंगी परवलीचा शब्द तपासावा लागतो, तर दुसऱ्या प्रसंगी प्रवेशाचे नियम आणि फाइलींच्या परवानग्या.

अपाचे सर्व्हरवरील मांडणी

अपाचे सर्व्हरवर या पद्धतीसाठी साधारणपणे चार सूचना लिहाव्या लागतात: प्रमाणीकरणाचा प्रकार, विभागाचे नाव, परवलीच्या शब्दांच्या फाइलीचा मार्ग आणि कोणाला प्रवेश द्यावा याची अट. या सूचना मुख्य मांडणीत किंवा त्या फोल्डरमधील एचटीअॅक्सेस या फाइलीत लिहिता येतात. वापरकर्त्यांची नावे व परवलीच्या शब्दांची संक्षेपरूपे ठेवणारी फाइल एचटीपासवर्ड या उपयुक्ततेने तयार होते.

अडचणी व त्यांचे निदान

परवलीचा शब्द विचारलाच जात नाही. ही सर्वांत धोकादायक अडचण होय, कारण त्रुटीचा संदेश दिसत नाही आणि पृष्ठ नेहमीसारखे उघडते. मुख्य मांडणीत अलाउओव्हरराइड ही सूचना ‘नन’ असल्यास एचटीअॅक्सेस फाइल वाचलीच जात नाही. अपाचेच्या २.४ मालिकेत हेच मूळ मूल्य आहे. प्रमाणीकरणाच्या सूचनांसाठी ते ‘ऑथकॉन्फिग’ असावे लागते. एन्जिनएक्स सर्व्हर ही फाइल कधीच वाचत नाही. त्यामुळे संकेतस्थळ अपाचेवरून तिकडे हलवताना संरक्षण नकळत गळून पडते. तिसरे कारण म्हणजे एकाच विभागात ‘सर्वांना प्रवेश’ आणि ‘नोंदलेल्या वापरकर्त्यांना प्रवेश’ अशा दोन अटी असणे. २.४ मालिकेत अशा अटींपैकी कोणतीही एक पूर्ण झाली तरी पुरते, म्हणून पहिल्या अटीमुळे दुसरी निरर्थक ठरते.

अचूक शब्द देऊनही ४०१ येतो. अशा वेळी सर्व्हरची त्रुटिनोंद पाहावी. त्यात ‘वापरकर्ता सापडला नाही’ आणि ‘परवलीचा शब्द जुळला नाही’ या कारणांची वेगवेगळी नोंद असते; ब्राउझरला मात्र दोन्ही वेळा ४०१ हाच संकेत मिळतो. अनेक वापरकर्ते एकाएकी नाहीसे झाले असतील, तर बहुधा नवा वापरकर्ता जोडताना एचटीपासवर्डला ‘सी’ हा पर्याय दिला गेलेला असतो. हा पर्याय फाइल नव्याने निर्माण करतो आणि त्याच नावाची जुनी फाइल पुसून टाकतो. तो केवळ पहिल्या वेळीच वापरावा.

४०३ किंवा ५०० हा संकेत येतो. सर्व्हर ज्या वापरकर्त्याच्या नावाने चालतो, त्याला मार्गातील प्रत्येक फोल्डरमध्ये प्रवेशाची परवानगी असावी लागते. केवळ शेवटच्या फाइलीला परवानगी देऊन भागत नाही. परवलीच्या शब्दांची फाइल उघडता न आल्यास अपाचे २.४ ५०० हा संकेत देतो. तिचा मार्ग सापेक्ष लिहिल्यास तो एचटीअॅक्सेस असलेल्या फोल्डरपासून न मोजता सर्व्हरच्या मूळ फोल्डरपासून मोजला जातो. म्हणून पूर्ण मार्ग लिहिणे इष्ट.

पृष्ठ उघडते, पण प्रणालीला वापरकर्ता कळत नाही. सीजीआय पद्धतीने चालणाऱ्या प्रणालींना अपाचे सुरक्षेच्या कारणास्तव प्रमाणीकरणाची शीर्षओळ देत नाही. प्रणालीने स्वतः ओळख तपासायची असल्यास २.४.१३ पासून उपलब्ध असलेली सीजीआयपासऑथ ही सूचना वापरता येते.

मांडणीत बदल केल्यावर प्रथम तिची वाक्यरचना तपासून घ्यावी, मग सर्व्हरला ती पुन्हा वाचायला लावावी. ब्राउझर बंद होईपर्यंत माहिती लक्षात ठेवत असल्याने चाचणी खासगी खिडकीत किंवा कर्लसारख्या साधनाने करावी. पहिली चाचणी परवलीच्या शब्दाविना असावी. तिला ४०१ हेच उत्तर मिळायला हवे.

देवनागरी अक्षरे

जुन्या दस्तऐवजांत अक्षरसंकेतन निश्चित नसल्याने रोमनेतर लिप्यांतील नावे व शब्द वेगवेगळ्या ब्राउझरांत वेगवेगळे पाठवले जात. आरएफसी ७६१७ ने सर्व्हरला यूटीएफ-८ ची अपेक्षा कळवण्याची सोय दिली. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. बीक्रिप्ट पद्धत परवलीच्या शब्दाचे पहिले ७२ बाइटच विचारात घेत असल्याने देवनागरीत ही मर्यादा २४ चिन्हांची होते. काना, वेलांटी व हलन्त हीही यात स्वतंत्र चिन्हे म्हणून मोजली जातात. ‘कऱ्हाड’ या शब्दातील ‘ऱ’ एका चिन्हाने किंवा ‘र’ आणि नुक्ता अशा दोन चिन्हांनी लिहिता येतो. दोन्ही रूपे डोळ्यांना सारखीच दिसतात, परंतु बाइट भिन्न असल्याने परवलीचा शब्द जुळत नाही. यासाठी उपरोक्त दस्तऐवजाने एनएफसी हे सामान्यीकृत रूप सांगितले आहे.

सुरक्षितता

बेस६४ हे गूढलेखन नव्हे. ते कोणालाही क्षणात उलगडता येते. शिवाय परवलीचा शब्द प्रत्येक मागणीसोबत पाठवला जातो. त्यामुळे ही पद्धत एचटीटीपीएसशिवाय वापरणे असुरक्षित होय. परवलीच्या शब्दांची फाइल संकेतस्थळाच्या सार्वजनिक फोल्डरबाहेर ठेवावी आणि संक्षेपासाठी बीक्रिप्ट निवडावे. या पद्धतीत प्रणालीतून बाहेर पडण्याची प्रमाणित सोय नाही. म्हणून सामायिक संगणकावर काम संपल्यावर ब्राउझर पूर्णपणे बंद करणे आवश्यक ठरते.

हे सुद्धा पहा

अपाचे एचटीटीपी सर्व्हर
एन्जिनएक्स
एचटीटीपीएस
युनिकोड