तळटीप : ‘पेण आलं!’

* ‘पेण आलं!’ : रोह्याहून येणारी एसटी वडखळ सोडते न सोडते तोच कंडक्टर असे ओरडतो. पेण अजून यायचेच असते. रूप भूतकाळाचे, अर्थ मात्र नजीकच्या भविष्याचा. ‘थांब, आलोच’ यातही तेच. इंग्रजीत इथे साधा भूतकाळ चालत नाही, ‘आयॅम कमिंग’ असा चालू वर्तमानकाळच लागतो. शब्दशः ‘आय केम’ लिहिले, तर माणूस येऊन पोचलेला असतो आणि मूळ वाक्यातली लगबग नाहीशी होते.

उलट दिशेचा पेच वेगळा. चिंतामणराव देशमुखांचे बालपण रोह्यात गेले. त्यांचे ‘द कोर्स ऑफ माय लाइफ’ (१९७४) हे आत्मचरित्र इंग्रजीत आहे. अशा आठवणी मराठीत आणताना इंग्रजीच्या एकाच साध्या भूतकाळाला तीन वाटा फुटतात. ‘ही लिव्ड इन रोहा’ म्हणजे ‘रोह्यात राहिला’ (मुक्काम संपला), ‘राहत होता’ (तेव्हा काही घडले, ते पुढे येईल) की ‘राहत असे’ (नित्यक्रम, थोडी हुरहुर)? निवड संदर्भाने करावी. तिन्ही व्याकरणशुद्ध आहेत. सूर मात्र प्रत्येकाचा निराळा. — संपा.