रोगाची नोंद : स्मशानातील वहीपासून मनोरीच्या घरापर्यंत

मुंबईत मृत्यूंची नोंद १८४८ पासून स्मशानांत व दफनभूमींत होऊ लागली. मृत्यूचे कारण तेथील कारकुनास पुष्कळदा मृताचे आप्तच सांगत. वैद्याने रोगी तपासलेला असेच असे नाही. सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासियो व्हिएगस यांनी मांडवी भागात ग्रंथिक सन्निपाताचे, म्हणजे प्लेगचे, निदान केले. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोगांचा कायदा झाला, आणि घरझडती व सक्तीचे विलगीकरण यांच्या धास्तीने प्लेगचे मृत्यू अन्य नावांखाली नोंदविले जाऊ लागले. त्या वर्षांचे 'ताप' हे सदर वाचताना इतिहासकाराला रोगाइतकाच सरकारी बडगाही ध्यानात घ्यावा लागतो.

याच सुमारास, १८९३ मध्ये, बर्तियों यांनी तयार केलेली मृत्युकारणांची सूची शिकागो येथे मान्य झाली होती. १९४८ च्या सहाव्या आवृत्तीत मृत्यूबरोबर आजारांचाही समावेश झाला. दहाव्या आवृत्तीत ग्रंथिक प्लेगला 'ए २०.०' आणि अनिश्चित तापाला 'आर ५०.९' असे संकेत आहेत. या आवृत्तीचा विस्तारित अवतार, सुमारे अडुसष्ट हजार संकेतांचा, अमेरिकेने १ ऑक्टोबर २०१५ पासून अमलात आणला. तेथे विमा कंपनीने रुग्णालयाला पैसे द्यावयाचे की नाहीत हे बऱ्याच अंशी या संकेतांवर ठरते. भारतातील वैद्यकीय संकेतकाराच्या, म्हणजे 'मेडिकल कोडर'च्या, व्यवसायाचे मूळ या पैशात आहे, वैद्यकात नाही.

मार्च २०२० च्या टाळेबंदीने हे काम कचेरीतून घरी आले. नोव्हेंबर २०२० मध्ये दूरसंचार विभागाने घरून काम करण्याविषयीचे नियम शिथिल केले. मनोरीच्या रहिवाशाला ही सोय लहान नव्हे. तेथून कचेरी गाठायची म्हणजे मार्व्याची तर आणि पुढे मालाडपर्यंत बस, नाहीतर उत्तन-भाईंदरचा लांबचा वळसा. परंतु रुग्णाची माहिती गुप्त राखण्याचा अमेरिकेचा १९९६ चा कायदा त्या घरातही येतो. पडद्यावरची पाने आईवडिलांनीही पाहता कामा नयेत, आणि दोन खोल्यांच्या घरात एक खोली दिवसभर बंद ठेवणे सर्वांस परवडते असे नाही. शेजारच्या टेबलावरील अनुभवी सहकाऱ्याला सहज विचारण्याची सोयही गेली. हे नुकसान पगाराच्या हिशेबात दिसत नाही.

संकेतकाराची मर्यादा मात्र स्मशानातील कारकुनाची आठवण करून देते. डॉक्टरने जे लिहिले नाही त्याला संकेत देता येत नाही. बाह्यरुग्णाच्या कागदावर 'न्यूमोनिया असावा' एवढेच लिहिले असेल, तर अमेरिकेच्या नियमांप्रमाणे न्यूमोनियाचा संकेत चालत नाही. खोकला, ताप अशी लक्षणेच नोंदवावी लागतात. उद्याचा संशोधक या अंकांवरून तापाचे प्रमाण मोजू लागला, तर १८९७ च्या वह्यांपुढे येणारी अडचण त्याच्यापुढेही येईल; कारण तेवढे निराळे असेल.

अधिक बोचणारी गोष्ट पुढेच आहे. २०२० मध्ये भारतात नोंदलेल्या मृत्यूंपैकी केवळ २२.५ टक्क्यांचे कारण वैद्यकीय प्रमाणपत्राने निश्चित झाले होते. परदेशातील रुग्णाचे कोणते हाड, डावे की उजवे, कितव्या भेटीत तपासले गेले, हे येथील पदवीधर एका संकेतात बसवितो. त्याच्याच देशात, त्याच वर्षी, दहांपैकी सात-आठ मृत्यूंच्या नोंदीला डॉक्टरने प्रमाणित केलेले कारणच नव्हते. कुशल हातांची वाण होती म्हणून असे झाले, असे निदान या व्यवसायाचा विस्तार पाहता म्हणता येत नाही.