पोस्त किती द्यावी?

दिवाळी आठ दिवसांवर आली की आमच्या प्राध्यापक-कक्षात एक चर्चा हटकून होते. पोस्टमन, सोसायटीचा रखवालदार, जिना झाडणारी बाई, पेपर टाकणारा मुलगा, या प्रत्येकाला पोस्त किती द्यावी? कोणी गेल्या वर्षीच्या आकड्यात थोडी भर घालतो, कोणी शेजाऱ्याचा अंदाज घेतो, कोणी महिन्याचा पगार प्रमाण मानतो. गेल्या वर्षी मात्र आमच्यापैकी एकाच्या घरी काम करणाऱ्या बाईंनी पाकीट घेण्यापूर्वी शांतपणे सांगितले, "सर, पोस्त राहू द्या. त्यापेक्षा महिन्याला दोनशे रुपये वाढवा." त्याने पोस्त दुप्पट दिली, पगाराचे 'बघू' म्हणाला. ते 'बघू' आम्हां सर्वांनाच ओळखीचे वाटले, म्हणून या प्रश्नाच्या इतिहासात थोडे मागे जाऊन पाहावेसे वाटले.

प्रथम शब्दांकडे पाहू. पोस्त, बक्षीस, इनाम हे तिन्ही शब्द आपल्याकडे फारसी-अरबीतून आले. बक्षीस ज्या फारसी धातूवरून आले त्याचे अर्थ दोन: देणे आणि क्षमा करणे. इनामाच्या मुळाशी कृपा आहे. म्हणजे हे शब्द देणाऱ्याच्या औदार्याविषयी बोलतात, घेणाऱ्याच्या श्रमाविषयी नाही. याउलट जुन्या कागदपत्रांत वतनदारांच्या प्राप्तीसाठी 'हक्क' आणि 'लाजिमा' हे शब्द येतात. मराठी गावाच्या जमाखर्चात कृपा आणि हक्क अशी दोन्ही खाती होती. प्रश्न असे तो कोणाची रक्कम कोणत्या खात्यात पडते, एवढाच.

बलुत्याचे उदाहरण घ्या. सुताराने वर्षभर नांगर दुरुस्त करायचे, न्हाव्याने हजामती करायच्या, कुंभाराने मडकी पुरवायची आणि सुगीत प्रत्येकाने खळ्यावर जाऊन आपला धान्याचा वाटा घ्यायचा. किती द्यावे याचे उत्तरही परंपरेने ठरवून टाकले होते: बलुतेदारांच्या थोरली, मधली व धाकटी अशा तीन ओळी, आणि ओळीगणिक वाटा उतरता. कोणत्या ओळीत कोण, हे मात्र प्रांतोप्रांती बदलत असे. त्रिंबक नारायण आत्र्यांनी 'गावगाडा'त (1915) या व्यवस्थेचे जे बारकाईचे चित्र काढले आहे, त्यात खळ्यावर मागणाऱ्यांची रीघ लागलेली दिसते आणि तिच्यापुढे कुणबी हैराण झालेला दिसतो. आत्र्यांची सहानुभूती त्या कुणब्याकडे आहे. परंतु रांगेत उभे राहणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर चित्र पालटते. वाटा ठरलेला खरा, पण तो पदरात पडायचा देणाऱ्याच्या हातून, त्याच्या खळ्यावर, त्याची मर्जी सांभाळून. पीक बुडाले तर वाटाही बुडाला. आणि काम जन्माने गळ्यात पडलेले असल्याने ते नाकारण्याची सोय नव्हती.

हे सर्वांत कठोरपणे भोगले ते महारांनी. सरकारचे आणि गावाचे काम रात्री-अपरात्री करायचे, आणि त्याचा मोबदला मुख्यतः तुटपुंजी वतनी जमीन व बलुते. 1928 मध्ये डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात 1874 च्या वतन कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडले. बलुत्याचे रूपांतर रोख रकमेत व्हावे, ही त्यातील एक मागणी होती. ते विधेयक मंजूर झाले नाही. कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणारा कायदा होण्यास 1958 साल उजाडावे लागले. दया पवारांनी 1978 मध्ये आपल्या आत्मकथनाला 'बलुतं' हे नाव दिले, तेव्हा त्या एका शब्दात हा सारा हिशेब आलेला होता.

शहरात हाच प्रश्न वेगळ्या पोशाखात उभा राहिला. पहिल्या महायुद्धाच्या काळात मुंबईच्या गिरण्यांना भरघोस नफा झाला आणि मालक काही वर्षे कामगारांना बोनस देत राहिले. 1923 चा बोनस मात्र त्यांनी नाकारला. 1924 च्या जानेवारीत सुमारे दीड लाख कामगार संपावर गेले. सरकारने मुख्य न्यायाधीश मॅक्लाउड यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिच्यापुढील प्रश्न मुळात आमच्या कक्षातलाच होता: वर्षानुवर्षे दिलेली भेट हक्क बनते काय? समितीने उत्तर दिले, नाही. संप फसला.

पुढे सव्वीस वर्षांनी, 1950 मध्ये, मुंबईच्याच गिरण्यांच्या वादात श्रम अपील न्यायाधिकरणाने निराळी वाट घेतली. नफ्यातून घसारा, यंत्रांच्या नूतनीकरणाची तरतूद, कर आणि भांडवलावरील परतावा वजा केल्यावर जे उरेल त्यात कामगाराचाही वाटा आहे, असे सूत्र त्याने घालून दिले. 1965 मध्ये बोनसचा कायदाच झाला. मालकाची मर्जी जाऊन तिथे गणित आले.

हे गणित कारखान्याच्या फाटकाशी थांबले, आमच्या उंबरठ्याच्या आत आले नाही. घरकाम करणाऱ्या बाईंच्या बाबतीत आम्ही अजून खळ्यावरचे धनी आहोत. पोस्त द्यायला आम्हांस आवडते, कारण ती वर्षातून एकदा द्यायची असते, तिच्यामुळे पुढचे काही बांधले जात नाही आणि वर कौतुक पदरात पडते. पगारवाढीचे कोणी कौतुक करत नाही.

हे लिहिताना आणखी एक गोष्ट आठवते. वेतन आयोगाच्या फरकासाठी आम्ही मोर्चे काढले, ते कृपा मागायला नव्हे. आणि त्याच कक्षात, आमच्या शेजारच्या खुर्चीवर बसून, तासिका तत्त्वावर शिकवणारे तरुण सहकारी असतात. त्यांचे मानधन महिनोन्‌महिने रखडते. दिवाळीला मात्र महाविद्यालयाकडून मिठाईचा खोका वेळेवर मिळतो. तो ते हसतमुखाने घेतात. त्या हसण्याचा अर्थ आम्ही आजवर विचारलेला नाही.

पोस्त किती द्यावी, याचे उत्तर म्हणून आम्ही एवढेच ठरवले आहे: आधी पगार किती, ते बसून बोलायचे. ते नीट ठरले की पाकिटात कितीही घाला. मग ती खरोखरच भेट असेल. त्या बाईंचे दोनशे रुपये कार्तिकापासून वाढले. त्याला दिवाळी उलटून जावी लागली, हेही नोंदवून ठेवणे बरे.