हजेरीपट आणि सरकारी गुपित

राज्याचे रक्षण करावयाचे तर काही गोष्टी शत्रूपासून झाकून ठेवाव्या लागतात, हे कोणीही अमान्य करणार नाही. परंतु शत्रूसाठी धरलेला पडदा प्रजेच्याच डोळ्यांसमोर आला म्हणजे काय होते, हे भारताच्या इतिहासात पाहावयास मिळते.

ब्रिटिश सरकारने १८८९ साली सरकारी गुपितांचा कायदा केला व १९२३ साली तो नव्याने रचला. हेरगिरीला आळा घालणे हा त्याचा हेतू होताच. पण परवानगीवाचून कचेरीतील गुप्त माहिती बाहेर देणे हाही त्याने गुन्हा ठरविला. परके राज्य गेले, कायदा राहिला. १९७५ साली राजनारायण खटल्यात न्यायमूर्ती मॅथ्यू यांनी प्रतिपादिले की, राज्यकर्ते लोकांना जबाबदार असतील, तर लोकांपासून लपविण्याजोगे फार थोडे उरते. तत्त्व उच्चारले गेले; दप्तर मात्र बंदच राहिले.

ते उघडावयास लावले राजस्थानातील मजुरांनी. सरकारी कामावर राबूनही पुरती मजुरी पदरी पडेना, तेव्हा मजदूर किसान शक्ती संघटनेने हजेरीपट पाहावयास मागितले. ती सरकारी गुपिते आहेत, असे उत्तर मिळाले! १९९४ च्या डिसेंबरात कोट किराणा गावी पहिली जनसुनावणी भरली. हाती आलेले कागद गावासमोर वाचले गेले आणि त्यांतील खोट्या नोंदी उघड झाल्या. १९९६ साली ब्यावर येथे लोकांनी चाळीस दिवस धरणे धरले.

ज्या गोव्यात सालाझारच्या अमलाखाली वृत्तपत्राची ओळसुद्धा छापण्यापूर्वी तपासली जाई, त्याच गोव्याने १९९७ साली, तमिळनाडूपाठोपाठ, माहितीच्या अधिकाराचा कायदा केला. पुढे १२ ऑक्टोबर २००५ पासून तो अधिकार केंद्रीय कायद्याने लागू झाला. एरवी तीस दिवसांत, पण जीविताचा वा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर अठ्ठेचाळीस तासांत उत्तर देणे बंधनकारक झाले. १९२३ च्या कायद्याशी विरोध आल्यास नवा कायदा श्रेष्ठ ठरला.

तथापि जुना कायदा रद्द झालेला नाही, आणि २०२३ च्या व्यक्तिगत माहितीविषयक कायद्याने माहिती नाकारण्याची एक वाट अधिक रुंद केली. मजुराला हवे होते ते सैन्याचे नकाशे नव्हेत; आपल्या नावापुढे किती दिवस मांडले, एवढेच. तो कागद पाहावयास मिळतो की नाही, हीच लोकशाहीची खरी कसोटी होय.