पैठणला बांधलेलं जायकवाडी

जायकवाडी नावाचं गाव बीड जिल्ह्यात आहे आणि जायकवाडी धरण तिथून सुमारे शंभर किलोमीटर वर, पैठणला. निजामाच्या हैदराबाद संस्थानात गोदावरी अडवण्याचा पहिला आराखडा झाला तो जायकवाडीजवळचा. कागद तयार होते, फायलीवर नाव पडलं होतं. पुढे जागा बदलली, फाइल तीच राहिली.

जागा का बदलली, याचं उत्तर कालव्याच्या गणितात आहे. कालव्याचं पाणी चढावर जात नाही. कालवा जितक्या उंचावरून निघेल, तितकी त्याच्या आणि नदीच्या मधली जमीन वाढते आणि तेवढी सगळी पंपाशिवाय भिजते. म्हणून धरण नदीच्या वरच्या अंगाला न्यायचं. मग हैदराबादच्या इंजिनिअरांना हे कळत नव्हतं का? कळत असणारच. पण माझा अंदाज असा, की आडवी आली ती सरहद्द. पैठणच्या वर गोदावरीचा एक काठ निजामाचा होता, तर समोरचा शेवगाव-नेवाशाचा काठ अहमदनगर जिल्ह्यातला, म्हणजे मुंबई इलाख्याचा. पैठणला पाणी अडवलं की फुगवटा दुसऱ्याच्या राज्यात शिरणार. 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि दोन्ही काठ एकाच सरकारचे झाले; 1960 मध्ये महाराष्ट्र झाला. पैठणचं धरण त्यानंतरच शक्य होतं. त्यासाठी शंकरराव चव्हाणांनी पाटबंधारे मंत्री म्हणून जोर लावला.

पैठणला खोरं मात्र सपाट. सह्याद्रीतल्यासारखी दोन डोंगरांमधली खिंड इथे नाही. नदी अडवायची तर भिंत थेट दहा किलोमीटर लांब न्यावी लागते, आणि एवढी भिंत दगडात बांधणं परवडणारं नव्हतं. मातीशिवाय पर्याय नव्हता.

मातीच्या धरणाचं कूळ आपल्याकडे जुनं. सोलापूरजवळचा एकरुख तलाव 1871 चा. गोदावरीवरच, नाशिकच्या वर, गंगापूरचं मातीचं धरण आहे. रीत ठरलेली: पाया खडकापर्यंत खोदून चर भरायचा, मधोमध काळ्या चिकण मातीचा गाभा उभा करायचा, त्याला दोन्ही अंगांनी मुरमाचं कवच द्यायचं. माती थराथराने टाकायची, पाणी मारायचं, रोलर फिरवायचा. थर नीट दबला नसेल तर वरचा थर टाकायचा नाही. गाभ्यातून थोडं पाणी झिरपतंच. ते माती न ओढता बाहेर पडावं म्हणून मागच्या अंगाला वाळूचा फिल्टर. पाण्याच्या बाजूला लाटांनी उतार खाऊ नये म्हणून दगडांचं पिचिंग. हे सगळं करूनही एक पथ्य उरतं. मातीच्या भिंतीवरून पाणी वाहता कामा नये. म्हणून पूर जाऊ द्यायला नदीच्या पात्रात पक्का सांडवा लागतो. जायकवाडीच्या सांडव्याला 27 दरवाजे आहेत, आणि ते ‘अर्ध्या फुटाने उचलले’ ही बातमी पावसाळ्यात पैठणपासून नांदेडपर्यंत लक्ष देऊन वाचली जाते.

पथ्य मोडलं तर काय होतं हे तेव्हा लोकांना सांगावं लागत नव्हतं. 12 जुलै 1961 ला पानशेतचं अर्धवट मातीचं धरण फुटून पुणं वाहून गेलं होतं. त्याला जेमतेम सव्वाचार वर्षं झाली होती, तेव्हा 18 ऑक्टोबर 1965 ला लालबहादूर शास्त्रींनी पैठणला पायाभरणी केली. 24 फेब्रुवारी 1976 ला इंदिरा गांधींनी उद्घाटन केलं, त्या वेळी शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री होते. जलाशयाला नाव मिळालं नाथसागर, पैठणच्या एकनाथांचं. धरण मात्र अजून जायकवाडीच.

या नाथसागराच्या गुणदोषांचं मूळ त्या सपाट खोऱ्यात आहे. धरण पूर्ण भरलं की 2,909 दशलक्ष घनमीटर पाणी सुमारे 350 चौरस किलोमीटरवर पसरतं. भागाकार केला तर सरासरी खोली 8 मीटरच्या आसपास निघते. भली मोठी परातच ही. मराठवाड्याच्या उन्हात अशा पाण्याची वाफ किती होते, हे जलसंपदा खात्याला दर उन्हाळ्यात मोजावं लागतं. पैठण, मराठवाड्यातलं गंगापूर, शेवगाव, नेवासा या तालुक्यांतली सुपीक काठाची जमीन या पसाऱ्याखाली गेली. उलट, उथळ काठ आणि गाळ म्हणजे पक्ष्यांना मेजवानी. हिवाळ्यात इथे रोहित (फ्लेमिंगो) उतरतात. 1986 मध्ये हा जलाशय पक्षी अभयारण्य झाला. पाणी ओसरलं की उघड्या पडलेल्या जमिनीत गाळपेर होते. गेलेल्या जमिनीची ती भरपाई, असं कुणी म्हणू नये.

विजेचंही तसंच. कोयनेचं पाणी पोफळीला उतरतं तेव्हा त्याला चारशे मीटरहून जास्त उंची मिळते. इथे धरणच 41 मीटरचं. त्यात पाणी सिंचनाचं, विजेसाठी नदीत सोडून द्यायचं कसं? त्यावर काढलेली तोड मला या प्रकल्पातली सर्वांत हुशार गोष्ट वाटते. 1984 मध्ये इथे 12 मेगावॉटचा एकच संच बसला, पण उलटा फिरणारा. मागणीच्या वेळी पाणी टर्बाइनमधून खालच्या बंधाऱ्यात सोडायचं आणि वीज करायची. रात्री ग्रिडमधली वीज शिल्लक असताना तेच यंत्र पंपासारखं चालवून पाणी परत धरणात चढवायचं. चढवायला लागणारी वीज मिळालेल्या विजेपेक्षा जास्तच, पण पाणी घरात राहतं. भारतात असे संच तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. आज अशा उदंचन प्रकल्पांचे मोठमोठे करार होतात तेव्हा पैठणचं नाव कुणी घेत नाही, हे जरा खटकतं.

गंमत म्हणजे या पाण्यावर खरी वीज झाली ती परळीत. जायकवाडीतून सोडलेलं पाणी खडका बंधाऱ्यात पोहोचलं की परळीच्या औष्णिक केंद्राला मिळायचं. 2013 च्या दुष्काळात ते पाणी संपलं आणि हजार मेगावॉटहून मोठं केंद्र बंद ठेवावं लागलं. पैठणचे 12 मेगावॉट त्यापुढे किरकोळ.

सरहद्द मिटल्यामुळे धरण झालं, असं वर म्हटलं. ती पुरती मिटली नव्हती. नाशिक-नगरकडे धरणं वाढत गेली आणि पैठणची आवक घटत गेली. 2005 च्या कायद्याने खोऱ्यातल्या सर्व धरणांत तुटीचं समन्यायी वाटप सांगितलं. 2014 मध्ये जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने आकडाही ठरवला: 15 ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा 65 टक्क्यांखाली असेल तर वरच्या धरणांनी पाणी सोडायचं. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि 2016 मध्ये हे तत्त्व तिथेही टिकलं. तरी पावसाने दगा दिलेल्या वर्षी सप्टेंबर सरत आला की दोन्हीकडचे पुढारी कागद काढतात. वरचे विचारतात, सोडलेल्यापैकी किती पाणी वाटेतल्या कोरड्या पात्रात मुरणार आणि उरलेल्याची किती वाफ होणार. प्रश्न रास्त आहे. पण तो 1965 च्या आधी, जागा निवडतानाही विचारता आला असता.