कृष्णाकाठची पाइपलाइन आणि निचरा : सातारा-सांगलीच्या सिंचन इतिहासातील एक उपेक्षित बाजू

सातारा व सांगली जिल्ह्यांच्या सिंचनाचा इतिहास सामान्यतः बंधारे, धरणे आणि उपसा योजना यांच्या अनुषंगाने लिहिला जातो. पाणी शेतापर्यंत कसे आले याचा तपशील त्यात असतो. पिकाने न घेतलेले पाणी पुढे कोठे गेले, हा प्रश्न मात्र क्वचितच उपस्थित केला जातो. कृष्णा-वारणा खोऱ्यातील क्षारपड जमिनींची समस्या समजून घेण्यासाठी तो विचारणे आवश्यक आहे.

कऱ्हाडजवळ खोडशी येथे १८६० च्या दशकात कृष्णेवर बंधारा बांधून कालवा काढण्यात आला. त्या वेळी हा बहुतेक प्रदेश सातारा जिल्ह्यात मोडत असे. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. कालव्याचे पाणी उताराच्या मर्यादेत राही. ही मर्यादा पंपाने मोडली. औंध संस्थानात १९१० साली वसलेल्या किर्लोस्करवाडीत पुढे पंप तयार होऊ लागले. स्वातंत्र्योत्तर काळात वीज व सहकारी साखर कारखाने आले आणि नदीकाठी उसाचे क्षेत्र झपाट्याने वाढले.

पंप असला तरी पाणी वाहून नेण्यास नळ हवा. बिडाचे व सिमेंटचे नळ वजनाने जड, वाहतुकीस त्रासाचे आणि सांध्यांतून गळणारे होते. पीव्हीसी नळासाठीचे भारतीय मानक (आयएस ४९८५) १९६८ साली प्रथम प्रसिद्ध झाले. हा नळ हलका, न गंजणारा आणि द्रावणाने सहज चिकटणारा. 'नदीवरून पाइपलाइन केली' हे वाक्य कृष्णाकाठी केवळ तांत्रिक माहिती देणारे राहिले नाही, ते प्रतिष्ठेचे झाले. त्यासाठी काढलेल्या कर्जाचा बोजा सातबारावर चढला तरी.

तथापि येथील जमीन खोल, काळी व चिकणमातीची आहे. पाणी तिच्यातून अत्यंत सावकाश झिरपते. बारा ते अठरा महिने शेतात उभ्या राहणाऱ्या उसास मोकाट पाणी देण्याची प्रथा, गाळाने भरलेले व अतिक्रमणाने अरुंद झालेले ओढे यांमुळे भूजलपातळी वर आली. पाणी बाष्परूपाने गेले, क्षार पृष्ठभागी राहिले. जेथे सोडियमचे प्रमाण वाढले तेथे जमीन चोपण झाली. मिरज तालुक्यातील कसबे डिग्रज, दुधगाव, कवठेपिरान हा परिसर याची साक्ष देतो. वास्तविक हा धोका नवा नव्हता. १८८५ मध्ये सुरू झालेल्या नीरा डाव्या कालव्याखालील जमिनींनी तो विसाव्या शतकाच्या आरंभीच दाखवून दिला होता. दक्षिणेतील कालव्यांचा हा अनुभव पाइपलाइनच्या उत्साहात विस्मरणात गेला, असेच म्हणावे लागेल.

उपाय मिळाला तोही प्लॅस्टिकच्या नळातच. पाश्चात्त्य देशांत एकोणिसाव्या शतकापासून भाजलेल्या मातीच्या नळांनी शेतातील पाणी काढले जाई. त्यांची जागा सच्छिद्र, नालीदार पीव्हीसी नळाने घेतली. साधारणतः ८० मिलिमीटर व्यासाचे असे नळ सुमारे एक ते दीड मीटर खोलीवर, ठरावीक अंतराने व उतारात पुरले जातात. छिद्रांत माती जाऊ नये म्हणून त्यांभोवती गाळणीचे कापड गुंडाळतात. हे नळ मोठ्या मुख्य नळास जोडून पाणी ओढ्यात सोडले जाते. महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या कसबे डिग्रज येथील संशोधन केंद्राने या प्रश्नावर काम केले आहे. शेजारच्या शिरोळ तालुक्यात सहकारी साखर कारखान्याच्या पुढाकाराने अशी कामे झाली.

मात्र पाणी आणणारा नळ आणि पाणी काढणारा नळ यांत एक मूलभूत भेद आहे. पहिला एकटा शेतकरी, पैसा असल्यास, आपल्या बांधापर्यंत आणू शकतो. दुसऱ्याचा मुख्य नळ शेजाऱ्याच्या रानातूनच ओढ्याकडे जातो. खालच्या शेतकऱ्याने संमती नाकारली तर वरच्याचे रान कोरडे होत नाही. पाणी आणण्यासाठी या भागात सहकारी संस्था उभ्या राहिल्या, पण ते काढून देण्यासाठी तशी संघटना फार उशिरा व थोड्या ठिकाणी झाली. शिवाय निचऱ्यातून वाहणारे क्षारयुक्त पाणी अखेर कृष्णेलाच मिळते आणि खालच्या गावांकडे जाते.

२००५ व २०१९ सारख्या महापुरांत ओढ्याचे तोंडच पाण्याखाली जाते व निचरा थांबतो. सखल भागात ओढ्याची पातळी एरवीही उंच असते. तेथे निचऱ्याचे पाणी विहिरीत गोळा करून ते पंपानेच उपसून बाहेर काढावे लागते.