बिबट्याच्या पिंजऱ्याचा हिशेब: टाकळी ढोकेश्वर ते माणिकडोह

१/ २००९ चा उन्हाळा. अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्याच्या पारनेर तालुक्यात, टाकळी ढोकेश्वर परिसरात, पूर्ण वाढ झालेला एक नर बिबट्या विहिरीत पडला. वनखात्याने त्याला जिवंत बाहेर काढले. माणसाच्या हाती लागलेल्या अशा प्राण्यापुढे तीनच वाटा असतात: सुटका, जन्मभराचा पिंजरा किंवा मृत्यू. ही वाट कोण ठरवतो आणि त्याचा जाब कोणाला देतो, याचा हा इतिहास.

२/ सुरुवात उसापासून करावी लागते. प्रवरेवरील भंडारदरा धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले आणि कालव्यांच्या पाण्याने दुष्काळी पट्ट्याचे रूप पालटले. पुढे विठ्ठलराव विखे पाटील व अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला. जिल्ह्यात मैलोन्‌मैल ऊस डोलू लागला.

३/ ऊस वर्षभर उभा असतो. आत गारवा, दाट आडोसा, जवळ पाणी. वस्तीवर कुत्री, शेळ्या, डुकरे. बिबट्याला याहून अधिक काही लागत नाही. माद्या उसातच वितात आणि ऊसतोडीच्या हंगामात मजुरांना फडात पिल्ले सापडतात. या पिढ्यांनी जंगल पाहिलेले नसते. त्यांचा मुलूख म्हणजे हीच शेती.

४/ ब्रिटिश अमदानीत उत्तर सोपे होते. वाघ, बिबटे, लांडगे मारणाऱ्याला सरकार इनाम देई. मारलेल्या जनावराची नोंद होई ती इनामाचा हिशेब जुळावा म्हणून. ते का मारले, हे विचारण्याची कोणालाच गरज वाटत नसे.

५/ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हे चित्र उलटे केले. कलम ११ नुसार बिबट्यासारखा प्राणी मानवी जीवितास धोकादायक झाला असेल, किंवा बरा न होण्याइतका जायबंदी अथवा आजारी असेल, तरच राज्याचा मुख्य वन्यजीव रक्षक त्याला मारण्याची परवानगी देऊ शकतो. हा आदेश लेखी हवा आणि त्यात कारणे नमूद हवीत. इनामाच्या जागी आता कारण आले.

६/ पण मारायचे नाही, तर करायचे काय? शेजारच्या जुन्नर वनविभागात २००१ ते २००३ या काळात मोठ्या प्रमाणावर बिबटे पकडून दूरच्या जंगलांत सोडण्यात आले. हेतू चांगला होता. संशोधक विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात त्याचा परिणाम नोंदवला: माणसांवरील हल्ले वर्षाला सरासरी ४ होते, ते सुमारे १७ वर गेले.

७/ याची कारणे प्राण्याच्या स्वभावात आहेत. बिबट्या आपल्या मुलखाला धरून राहतो. परक्या रानात सोडला की तो घराच्या ओढीने चालू लागतो आणि वाटेत अनोळखी वस्त्यांतून जातो. पकडताना झालेल्या जखमांचा व भीतीचा ताण वेगळाच. इकडे रिकाम्या झालेल्या जागेत दुसरा बिबट्या येऊन बसतो. २०११ मध्येच केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांनी अशा सरसकट स्थलांतराला आळा घालण्यास सांगितले.

८/ मग उरला पिंजरा. जुन्नर तालुक्यात माणिकडोह धरणाजवळ बिबट निवारा केंद्र उभे राहिले. विहिरीत पडलेले, फासक्यात पाय गमावलेले, आईपासून तुटलेले, हल्ल्याचा संशय असलेले असे बिबटे तेथे आले. काहींवर उपचार होऊन ते परत गेले. अनेकांचे उरलेले आयुष्य गजांआडच गेले. मारणे क्रूर आणि पिंजरा दयाळू, असा समज रूढ झाला.

९/ कायदा मात्र या समजाशी सहमत नाही. २००३ मध्ये अमलात आलेल्या दुरुस्तीने कलम ११ ला दोन अटी जोडल्या. प्राण्याला पकडणे, बेशुद्ध करणे किंवा स्थलांतरित करणे शक्य नाही, याची खात्री झाल्याशिवाय त्याला मारण्याचा आदेश देता येत नाही. आणि पकडलेल्या प्राण्याचे निसर्गात पुनर्वसन शक्य नाही, याची खात्री होऊन कारणे लेखी नोंदवल्याशिवाय त्याला बंदिवासात ठेवता येत नाही. म्हणजे जन्मठेपेलाही मृत्युदंडाप्रमाणेच लेखी कारण हवे.

१०/ दुसरी गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानात येत नाही. कायद्याच्या व्याख्येनुसार निवारा केंद्र हेसुद्धा 'प्राणीसंग्रहालय'च आहे, मग तेथे तिकीट काढून कोणी येवो वा न येवो. त्यामुळे पिंजऱ्याचे क्षेत्रफळ, पशुवैद्य, आहार, नोंदवह्या आणि प्रत्येक मृत्यूनंतरचे शवविच्छेदन हे संग्रहालयांचे नियम तेथेही लागू होतात.

११/ हे नियम सहजासहजी आले नाहीत. १९९१ पर्यंत देशात प्राणीसंग्रहालयांसाठी स्वतंत्र कायदेशीर चौकट नव्हती. त्या वर्षीच्या दुरुस्तीने ती आली आणि १९९२ मध्ये केंद्रीय प्राणीसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झाले. मान्यतेशिवाय संग्रहालय चालवणे बेकायदा ठरले. तरीही २००० साली ओडिशातील नंदनकाननमध्ये एका रोगाच्या साथीत डझनभर वाघ दगावले आणि हैदराबादच्या संग्रहालयात 'सखी' नावाच्या वाघिणीला ठार करून तिचे कातडे सोलून नेण्यात आले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. संग्रहालयाच्या भिंतीआड जे घडते ते खासगी नाही, हे देशाला तेव्हा उमगले.

१२/ महाराष्ट्रातही प्राधिकरणाने हा अधिकार वापरला. २०१८ च्या अखेरीस नागपूरचे महाराजबाग आणि औरंगाबादचे (आताचे छत्रपती संभाजीनगर) सिद्धार्थ उद्यान या दोन्ही संग्रहालयांची मान्यता त्रुटींमुळे रद्द करण्यात आली. दोन्हींना पुढे दिलासा मिळाला. पण दीडशहाणे प्रश्न म्हणून टाळल्या जाणाऱ्या जागेच्या, पिंजऱ्यांच्या आणि कर्मचाऱ्यांच्या प्रश्नांना उत्तर देणे भाग पडले.

१३/ दयामरणाबाबत भारतीय नियम काटेकोर आहेत. जिवंत ठेवणे हीच क्रूरता ठरावी इतक्या वेदनेत प्राणी असेल, तरच त्याचा विचार होतो. युरोपात सर्वत्र असे नाही. फेब्रुवारी २०१४ मध्ये कोपनहेगन संग्रहालयाने 'मारियस' या निरोगी, तरुण जिराफाला मारले. त्याच्या वंशाचे जिराफ प्रजनन कार्यक्रमात पुरेसे आहेत, हे कारण होते. लोकांसमोर शवविच्छेदन झाले आणि मांस सिंहांना घातले गेले. जगभर संताप उसळला. तरी एक फरक लक्षात घेण्याजोगा आहे: तेथे निर्णय घेणारे समोर आले आणि त्यांनी कारण उघड सांगितले. कारण पटणे न पटणे, हा पुढचा वाद.

१४/ नोंदीचे मोल नागपूरजवळच्या गोरेवाड्याने दाखवले. डिसेंबर २०२४ मध्ये तेथील बचाव केंद्रात तीन वाघ व एक बिबट्या दगावले. नमुन्यांच्या तपासणीत बर्ड फ्लूचा विषाणू आढळला आणि इतर केंद्रांना सावध करता आले. मृत्यू नुसताच 'नैसर्गिक' म्हणून लिहिला गेला असता, तर हा धोका कोणालाच कळला नसता.

१५/ मारण्याच्या आदेशाचीही अशीच छाननी होते. यवतमाळमधील 'अवनी' वाघिणीला मारण्याच्या आदेशात न्यायालयांनी हस्तक्षेप केला नाही. मात्र २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री तिला ज्या पद्धतीने मारले गेले, त्यावर राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या चौकशीत ठपका आला. आदेश वैध असणे आणि अंमल वैध असणे, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

१६/ या हिशेबाला दुसरी बाजू आहे आणि ती टाळणे अन्यायाचे होईल. नोव्हेंबर २०२५ मध्ये कोपरगाव तालुक्यात बिबट्याच्या हल्ल्यांत एक लहान मुलगी आणि एक वयस्क महिला दगावली. लोक रस्त्यावर उतरले आणि अखेर बिबट्याला गोळी घालण्यात आली. रात्रीच्या विजेवर उसाला पाणी देणाऱ्या शेतकऱ्याची भीती खरी आहे. त्यालाही लेखी उत्तराचा हक्क आहे: मारलेला बिबट्या हल्ला करणाराच होता, हे कशावरून ठरले? चुकीचा प्राणी मारला किंवा कोंडला गेला, तर खरा धोका गावातच राहतो.

१७/ याच जिल्ह्यातील अकोले खोऱ्यात अत्रेय यांच्या चमूने कॅमेरे लावून बिबट्यांची मोजदाद केली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार दर १०० चौरस किलोमीटरला सुमारे ५ मोठे बिबटे होते, तेही दाट लोकवस्तीच्या शेतीत. कोंडून वा मारून संपणारी ही संख्या नाही. एकेका प्राण्याचा निर्णय म्हणूनच ओळख पटवून घ्यावा लागतो.

१८/ आता टाकळी ढोकेश्वरच्या बिबट्याकडे. त्याच्या शांत स्वभावामुळे व वयामुळे त्याला 'आजोबा' नाव पडले. शरीरात ओळखीची सूक्ष्म चिप आणि गळ्यात जीपीएस पट्टा घालून त्याला माळशेज घाटात सोडले. कसाऱ्याजवळ रेल्वेमार्ग, मुंबई-आग्रा महामार्ग, वसईचा औद्योगिक पट्टा आणि खाडी ओलांडत तो सुमारे १२० किलोमीटर चालून मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत पोहोचला. वाटेत त्याने एकाही माणसाला इजा केल्याची नोंद नाही.

१९/ डिसेंबर २०११ मध्ये महामार्गाजवळ वाहनाच्या धडकेने मेलेला एक बिबट्या सापडला. चिप तपासली, तो आजोबाच होता. २०१४ मध्ये त्याच्यावर मराठी चित्रपटही आला. त्याची गोष्ट आज सांगता येते, कारण त्याला पकडले कोठे, सोडले कोठे आणि तो मेला कसा, हे सारे नोंदलेले आहे.

२०/ इनामाच्या नोंदवहीपासून चिपपर्यंतचा हा प्रवास सुमारे दीड शतकाचा आहे. पिंजऱ्यातील प्राणी साक्ष देऊ शकत नाही. त्याच्या वतीने बोलतो तो कागद: पकडल्याचे कारण, कोंडल्याचे कारण, मृत्यूचे कारण. हा कागद मागण्याचा अधिकार प्रत्येक नागरिकाला आहे, मग तो रानावर प्रेम करणारा असो वा उसाच्या फडाशेजारी राहणारा.